मुंबईत पहिल्यांदा येताना: लोकल, पाऊस आणि बोलबच्चन

गावाहून मुंबईला निघालेल्या माणसाला घरचे लोक हमखास एकच सूचना देतात, ती म्हणजे पाकीट सांभाळ. सूचना योग्यच आहे, पण ती पुरेशी नाही. पाकीट गेले तर काही हजारांवर भागते, मात्र सुटत्या लोकलमागे धावताना पाय घसरला किंवा तुंबलेल्या पाण्यात झाकण नसलेल्या मॅनहोलवर पाऊल पडले, तर नुकसान भरून येत नाही. गेली अनेक वर्षे आमच्या घरी परीक्षेला, मुलाखतीला, मंत्रालयातल्या कामाला आणि सर्वांत जास्त म्हणजे परळच्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणारे पाहुणे उतरत आले आहेत. त्यांच्याकडे पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. या शहरात नवख्या माणसाला जे काही भोगावे लागते, त्यातले बरेचसे घाईमुळे घडते, आणि ती घाई बहुतेक वेळा त्याची स्वतःची नसून आजूबाजूच्या गर्दीकडून उसनी घेतलेली असते. पुढील सूचना प्रवासाच्या क्रमाने दिल्या आहेत.

घरून निघण्यापूर्वी

तिकिटावर केवळ ‘मुंबई’ असे वाचून निघू नये, गाडी नेमकी कोठे संपते ते पाहावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल आणि वांद्रे टर्मिनस ही सगळी वेगवेगळी ठिकाणे आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येक किलोमीटरचे अंतर आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक सरसकट ‘कुर्ला’ म्हणतात, पण कुर्ला हे लोकलचे स्थानक तेथून दूर पडते आणि त्या मानाने हार्बर मार्गावरचे टिळकनगर जवळ आहे. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्थानक यांचीही अशीच गल्लत होते. रात्री अकरा वाजता सामानासह या दोन टर्मिनसवर उतरून ‘आता कुठे जायचे’ असा चेहरा करणारा माणूस रिक्षावाल्यांच्या घोळक्याला लांबूनच ओळखू येतो. ज्यांना मध्य उपनगरांत जायचे आहे त्यांनी शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता कल्याण, ठाणे किंवा दादर येथे उतरणे अधिक सोयीचे असते, मात्र आपली गाडी तेथे थांबते का, हे आधी पाहून घ्यावे.

खासगी ट्रॅव्हल्सच्या बसने येणाऱ्यांनी क्लीनरला ‘मुंबईत उतरवा’ असे सांगू नये. चेंबूरचा मैत्री पार्क, सायन, दादर असे ठरावीक थांब्याचे नाव सांगावे आणि तेथे घ्यायला येणाऱ्याला पोहोचण्याची वेळ कळवून ठेवावी. पहाटे चार वाजता उड्डाणपुलाखाली उतरावे लागलेच, तर उजेड होईपर्यंत जवळच्या चहाच्या टपरीपाशी, चार माणसांत बसून राहणे हा कमीपणा नव्हे.

एका कागदावर जायच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता, जवळचे स्थानक, स्थानकाची बाजू म्हणजे पूर्व की पश्चिम, आणि दोन फोन क्रमांक लिहून तो कागद पाकिटात न ठेवता खिशात वेगळा ठेवावा. पूर्व-पश्चिमेचा हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण मुंबईत रूळ शहराला उभे चिरत जातात आणि चुकीच्या बाजूला उतरलेल्या माणसाला दोनशे मीटरवरच्या घरासाठी अर्धा तास पायपीट करावी लागते. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत. मोबाइलच्या डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो त्याच कागदाच्या मागे लिहून घ्यावा. त्याचा उपयोग काय, ते शेवटी येईल.

लोकल

कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, मराठवाड्यातली देवगिरी अशा रात्रभर धावणाऱ्या गाड्या सकाळी मुंबईत पोहोचतात आणि प्रवासी ट्रंक, पिशव्या, तांदळाचे पोते घेऊन थेट लोकलच्या फलाटावर जातात. नेमकी तीच वेळ कामावर जाणाऱ्यांची असते. साधारण आठ ते अकरा या वेळेत दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दिशेने, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळेत उलट दिशेने गर्दी असते. सामान, लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर या वेळा टाळाव्यात. टाळता येत नसतील, तर प्रतीक्षालयात तास-दोन तास थांबावे किंवा सरळ टॅक्सी करावी. टॅक्सीचे भाडे येथे चैनीत मोडत नाही. मोठ्या टर्मिनसवर सामान ठेवण्याची क्लोकरूमची सोय असते, पण बॅगेला कुलूप नसेल तर ती घेतली जात नाही, म्हणून कुलूप घरूनच आणावे.

फलाटावर आल्यावर प्रथम इंडिकेटर वाचावा. त्यावर गाडी कोठपर्यंत जाणार, ती जलद आहे की धीमी, तिला १२ डबे आहेत की १५, आणि ती किती मिनिटांत येणार, हे सर्व असते. नवख्या माणसाने पहिले दोन-तीन दिवस धीमी गाडीच धरावी. जलद गाडी मधली स्थानके सोडून जाते आणि गर्दीच्या वेळी विरारच्या जलद गाडीत अंधेरीला किंवा बोरिवलीला उतरण्यासाठी शिरणे म्हणजे भांडणाला आमंत्रण असते. दादर स्थानकात पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या मिळतात. तेथील फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले असून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ आहेत. त्यामुळे जुन्या माहितगाराने सांगितलेल्या क्रमांकावर विसंबू नये.

गाडी थांबल्यावर उतरणाऱ्यांना वाट द्यावी आणि नंतर चढावे. हे वाचायला सोपे आहे, कारण वाचताना मागून कोणी ढकलत नसते. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात चढता येणार नाही असे वाटले, तर एक पाऊल मागे घेऊन ती गाडी जाऊ द्यावी. तिच्या मागे चार-सहा मिनिटांत दुसरी येतेच. गाडी हलल्यानंतर दांडा धरण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण फलाट आणि गाडी यांच्यामध्ये काही ठिकाणी एवढी फट असते की प्रौढ माणूस तिच्यातून खाली जाऊ शकतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका महाविद्यालयीन मुलीने याच फटीत दोन्ही हात गमावले, आणि त्यानंतर अनेक फलाटांची उंची वाढवण्यात आली. तरीही चढताना खाली पाहण्याची सवय लावून घ्यावी.

डब्यात शिरल्यावर दारात उभे राहू नये. लांब जायचे असेल तर आत, दोन बाकांच्या मधल्या जागेत जावे, आणि आपले स्थानक दोन स्थानकांवर आले की पुढे उभ्या असलेल्याला ‘दादर?’ एवढेच विचारावे. तो मान हलवेल किंवा बाजूला होईल. मुंबईकरांची ही एक शब्दाची भाषा तुटक वाटते, पण त्यात उर्मटपणा नसतो. फलाट डावीकडे येणार की उजवीकडे, हेही त्यालाच विचारून घ्यावे. पाठीवरची बॅग छातीशी घ्यावी आणि मोबाइल बॅगेच्या आत ठेवावा. दारात उभे राहून बोलणाऱ्यांच्या हातावर रुळांलगत उभे राहून काठी मारायची आणि खाली पडलेला मोबाइल उचलायचा, हा धंदा करणाऱ्यांना येथे ‘फटका गँग’ म्हणतात. त्या फटक्यामुळे तोल जाऊन माणसे गाडीखाली गेली आहेत. मोबाइल हिसकावला गेला तरी त्याच्यामागे चालत्या गाडीतून उडी मारू नये. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यांपैकी कोणी नवखा होता असे नव्हे, रोजच्या सवयीचे प्रवासीही तोल जाऊन पडतात, एवढेच त्यातून ध्यानात घ्यावे.

रूळ ओलांडू नयेत. लोकलच्या मार्गावर सर्वाधिक बळी त्यातूनच जातात, आणि पूल लांब आहे म्हणून रुळांवर उतरणारा माणूस एका गाडीकडे पाहत असताना दुसऱ्या मार्गावरची गाडी त्याला गाठते.

स्त्रियांसाठी राखीव डबे प्रत्येक गाडीत असतात. काही डबे दिवसभर राखीव असतात, तर काही ठरावीक वेळेपुरते, म्हणून डब्यावरची पाटी वाचावी. रात्री उशिरा स्त्रियांच्या डब्यात गणवेशातील पोलीस किंवा सुरक्षारक्षक बसतो. रिकाम्या डब्यात एकटीने बसण्यापेक्षा तो ज्या डब्यात आहे तो निवडावा, आणि तसा डबा सापडला नाही तर सर्वसाधारण डब्यात कुटुंबे बसलेली असतील तेथे बसावे. दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनाही प्रवास करता येतो. टाटा रुग्णालयात येणाऱ्या अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि ते रुग्णाला साध्या डब्यात उभ्याने नेतात. अशा वेळी रुग्णालयाचे कार्ड हाताशी असावे. वातानुकूलित लोकलची दारे बंद होतात, त्यामुळे वृद्धांसाठी ती सुरक्षित आहे, पण तिचे तिकीट वेगळे आहे. साध्या तिकिटावर तिच्यात किंवा प्रथम वर्गात चढले तर दंड होतो.

एकाहून अधिक माणसे असतील तर चुकामूक झाल्यास काय करायचे, हे चढण्यापूर्वीच ठरवावे. आमच्या घरचा नियम असा आहे, की जो गाडीत चढला त्याने पुढच्याच थांब्यावर उतरून इंडिकेटरखाली उभे राहावे, आणि जो मागे राहिला त्याने त्याच फलाटावरून त्याच प्रकारची पुढची गाडी पकडावी. दोघांनीही एकमेकांना शोधायला निघू नये. या नियमाने एका वर्षी आमच्या आत्याबाई आणि त्यांचा नातू अकरा मिनिटांत पुन्हा भेटले, आणि त्यापैकी निम्मा वेळ आत्याबाईंनी नातवाला रागावण्यात घालवला.

पूल आणि जिने

स्थानकाच्या पुलावर गर्दी साचलेली दिसली तर खालीच थांबावे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. अचानक आलेल्या पावसामुळे लोक जिन्यावर थांबून राहिले आणि मागून नव्या गाड्यांचे प्रवासी येतच राहिले. पाऊस आला म्हणून जिन्यावर थांबू नये, भिजले तरी चालेल, पण मोकळ्या जागेत जावे. गर्दीत अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, आणि लोंढ्याच्या विरुद्ध न रेटता त्याच्याबरोबर तिरके सरकत कडेला यावे.

रिक्षा, टॅक्सी आणि भाडे

वांद्रे आणि सायन यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तेथे काळीपिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा मेट्रो घ्यावी लागते. दादरला उतरून रिक्षा शोधणारा पाहुणा लगेच नवखा म्हणून ओळखला जातो. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरसाठी रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि काळीपिवळी टॅक्सीचे ३१ रुपये आहे. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. ‘मीटरने येणार का?’ असे बसण्यापूर्वी विचारावे, मीटर टाकल्याशिवाय गाडी हलू देऊ नये, आणि वाहनाचा क्रमांक घरच्या कोणाला तरी पाठवावा. चालकाला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर क्रमांक सांगणे हे त्याहून उत्तम. स्थानकाच्या आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत पिशवीला हात घालणाऱ्याच्या मागे जाऊ नये. अधिकृत रांग बाहेर असते आणि मोठ्या ठिकाणी प्रीपेड खिडकी असते.

बोलबच्चन

मुंबई पोलिसांच्या आणि वार्ताहरांच्या भाषेत ‘बोलबच्चन’ म्हणजे बोलण्यात गुंतवून लुटणारा माणूस. त्याच्या हातात शस्त्र नसते. त्याचे प्रयोग ठरलेले असतात आणि ते एकदा वाचून ठेवले की ओळखता येतात.

सर्वांत जुना प्रयोग साडीचा आहे. एखाद्या वृद्ध स्त्रीला रस्त्यात थांबवून सांगतात, की येथील शेटजींना मुलगा झाला असून ते गरिबांना साड्या आणि धान्य वाटत आहेत, पण अंगावर दागिने दिसले तर तुम्हाला गरीब समजणार नाहीत, तेव्हा मंगळसूत्र काढून या पिशवीत ठेवा. पिशवी तिच्याच हातात राहते, म्हणून तिला शंका येत नाही. घरी जाऊन उघडल्यावर आत दगड किंवा कागद निघतात. दुसरा प्रयोग तोतया पोलिसांचा. साध्या वेशातील दोघे जण ओळखपत्रासारखे काहीतरी झटकन दाखवून म्हणतात, की पुढे खून झाला आहे, तपासणी चालू आहे, सोने अंगावर ठेवून फिरू नका. आणखी एक जण तेथेच आपली साखळी काढून त्यांच्याकडे देतो आणि ती कागदात बांधून परत घेतो. तो त्यांच्यातलाच असतो. खरा पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने कागदात बांधून देत नाही. असे कोणी म्हटले तर ‘चला, पोलीस ठाण्यात जाऊन काढून देतो’ एवढेच म्हणावे आणि चालू लागावे.

रुग्णालयांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या परिसरात याच कलेचा मवाळ प्रकार आढळतो. ‘गाववाले का?’ या प्रश्नाने ओळख सुरू होते, जिल्ह्याचे नाव कळताच तो माणूस त्याच जिल्ह्याचा निघतो, आणि दहा मिनिटांत लवकरचा नंबर, स्वस्त खोली किंवा आतली ओळख यांसाठी आगाऊ रक्कम मागितली जाते. रुग्णासोबत आलेल्यांनी राहण्याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातच करावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांची माहिती तेथे मिळते. पैसे फक्त खिडकीवर, पावती घेऊनच भरावेत. एटीएममध्ये मदतीला पुढे येणाऱ्याच्या हाती कार्ड देऊ नये. मशीन अडले तर रद्दचे बटण दाबावे आणि पहारेकऱ्यालाही पासवर्ड सांगू नये.

आपले लोक येथे एका कारणाने फसतात, आणि ते कारण म्हणजे संकोच. बोलणाऱ्याला तोडून निघून जाणे गावात उद्धटपणाचे ठरते. मुंबईत मात्र रोज हजारो माणसे उत्तर न देता पुढे जातात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

पावसाळा आणि समुद्र

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही जण बंद मोटारींत पाणी शिरून गुदमरले. एवढा पाऊस क्वचितच होतो, परंतु भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांसारख्या सखल ठिकाणी पाणी साचते. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते, त्या दिवशीची कामे शक्यतो पुढे ढकलावीत. लोकल बंद पडल्या तर जेथे आहात तेथेच, स्थानकात, कार्यालयात, शाळेत किंवा प्रार्थनास्थळात थांबावे. त्या रात्री अनोळखी माणसे घरात घेतात, चहा आणि बिस्किटे देतात, हा या शहराचा अनुभव आहे. साचलेल्या पाण्यातून जाणे भागच असेल तर छत्रीच्या टोकाने किंवा काठीने पुढची जमीन चाचपावी, पाणी गोल फिरत खाली ओढले जाताना दिसले तर तेथे मॅनहोल उघडे असण्याची शक्यता धरावी, आणि विजेच्या खांबांना हात लावू नये. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा अशा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, आणि ते तर याच शहरातले होते. मोटार पाण्यात बंद पडली तर काच उतरते आहे तोवरच बाहेर पडावे.

मरीन ड्राइव्हला लाटा अडवण्यासाठी टाकलेल्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर आणि वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर छायाचित्रासाठी उतरू नये, ते शेवाळाने निसरडे असतात आणि लाट मागे परतताना माणसाला ओढून नेते. पावसाळ्यात जुहू आणि अक्सा किनाऱ्यांवर गुडघ्यापर्यंतही पाण्यात जाणे धोक्याचे आहे.

मुक्काम

लॉजची खोली घेण्यापूर्वी दाराची आतली कडी, खिडकीची खिट्टी आणि बाहेर जाण्याचा जिना पाहावा, कारण आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही. ओळखपत्राची छायाप्रत देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत चालत असेल, तर तीच द्यावी.

काही घडलेच तर

सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेतील मदतीसाठी १३९, लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२, मुंबईतील स्त्रियांसाठी पोलिसांचा १०३, महापालिकेच्या आपत्ती कक्षासाठी १९१६ आणि पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवावेत. ऑनलाइन पैसे गेल्यास १९३० वर जितका लवकर फोन होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आधी फोन करावा आणि घरच्यांना नंतर सांगावे.

चोरी रेल्वेच्या हद्दीत झाली असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे करावी, रस्त्यावर झाली असेल तर स्थानिक ठाण्यात. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे शांतपणे सांगावे. तक्रारीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते. मोबाइल गेला असेल तर पोलिसांकडच्या नोंदीची प्रत आणि तो पंधरा आकडी क्रमांक वापरून केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर संच बंद करता येतो. त्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत आणि सिमकार्ड बंद करून घ्यावे. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून तक्रार न करता गावी निघून जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी ऑनलाइन नोंद करून ठेवली तरी चालते, मात्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या गुन्ह्याच्या खबरीवर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. म्हणून शक्य असेल तर त्या दिवसाचे तिकीट रद्द करून काम तेथेच उरकावे.